भावकी आणि तिफण

हणमंत जाधवला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो लंगोट लावून बैठका मारत होता, आणि कोपऱ्यातल्या रेकॉर्ड प्लेअरवर अमेरिकेतल्या दोन गिटारी एकमेकींशी सवाल-जवाब करत होत्या. चौऱ्याहत्तर सालचा उन्हाळा होता. कराडजवळच्या एका साखर कारखान्यात मी केमिस्ट म्हणून नुकताच रुजू झालो होतो. हंगाम संपला होता, गाळप बंद होतं, आणि दुपारच्या कॉलनीत मळीच्या आंबूस वासाखेरीज काही जागं नव्हतं. अशा वेळी शेजारच्या क्वार्टरमधून इलेक्ट्रिक गिटारचा आवाज आला, तेव्हा मला वाटलं, कोणीतरी पुण्याचा असणार. दार उघडंच होतं. आत कान मुडपलेला, मानेचा पत्ता नसलेला एक पैलवान घामाने निथळत खालीवर होत होता. त्याने मला हातानेच बसायची खूण केली. मी बसलो. गाणं काही संपेना. बऱ्याच वेळाने सुई शेवटाला पोचली, तेव्हा तो थांबला, पंच्याने मान पुसली आणि म्हणाला, "ह्या बाजूला बैठका, मागल्या बाजूला जोर. तुमी पुन्याचं केमिस्ट न्हवं? चा घ्या."

दुसऱ्या दिवशी त्याने 'तुमी' सोडलं आणि मला 'पुणेकर' म्हणायला लागला. पुढे पाच वर्षं माझं तेच नाव राहिलं.

हणमंत मिल हाऊसमध्ये असिस्टंट इंजिनिअर होता. रहिमतपूरजवळच्या एका गावचा, ऊसवाल्या घरातला. त्याचे वडील आबा एके काळी जत्रांतून शेवटची कुस्ती मारणारे मल्ल होते. मुलगाही चांगला तयार होत होता, पण त्याने लाल माती सोडून सांगलीला डिप्लोमा केला, आणि आबांनी ते कधी मनातून काढलं नाही. ते शेतावरून क्वचितच निघत आणि कॉलनीत तर कधीच आले नव्हते.

रेकॉर्डी आल्या त्या मामामुळे. हणमंताचा मामा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. जहाज अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांना लागे. भाच्याला गाणं आवडतं म्हणून मामा एका दुकानात शिरला आणि हातवारे करून दुकानदाराला म्हणाला, हितली माणसं ऐकतात ते दे. दुकानदाराने प्रामाणिकपणे तेच दिलं. त्यामुळे पुण्या-मुंबईतली पोरं ज्यांची नावं ऐकूनही नव्हती असे बँड कृष्णाकाठच्या एका क्वार्टरमध्ये रोज सकाळी वाजत होते.

त्यातले दोन त्याचे जिवाभावाचे. दोघांचीही खरी नावं तो घेत नसे. एकाचं स्पेलिंग असं काही होतं की ते मलाही धड वाचता येत नव्हतं. मग हणमंताने स्वतःच बारसं केलं. ज्या बँडमध्ये सख्खे भाऊ होते तो 'भावकी'. ज्यात तीन-तीन गिटारवाले होते तो 'तिफण', कारण तिफणीने पेरताना तीन नळ्यांतून एकदम बी पडतं तशा त्या गिटारी पडतात, असं त्याचं म्हणणं. कॉलनीत हीच नावं रुळली. "आज तिफण लावा की," असं टर्नर-फिटरसुद्धा सांगत.

मी कॉलेजात असल्यापासून इंग्लंडच्या बँडांचा भक्त होतो. थोडीफार गिटारही वाजवायचो. मला ही दक्षिणेकडची मंडळी रांगडी वाटत. आमचे वाद दर रविवारी होत आणि त्यात हणमंत कधी माघार घेत नसे. त्याची मतं ठाम होती आणि ती त्याच्याच शेतात पिकलेली होती. "एकट्या गिटारीत मजा न्हाई गड्या. बैल कसा, जोडीनं पायजे. एक वडतोय, दुसरा सावरतोय." लांबच लांब गाण्यांबद्दल मी कुरकुर केली की म्हणे, "गानं असं पायजे, की मधी उठून जेवून आलं तरी चालूच पायजे." त्याची बायको, सुशीलावहिनी, यावर आतून सांगत, की भावकीची एक बाजू संपेतो त्यांच्या सगळ्यांच्या भाकरी होतात, म्हणून त्यांना तोच बँड बरा वाटतो.

ही माणसं शेतकरीच असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. कव्हरवरच्या फोटोत कोणी हसत नसे, हा त्याचा पुरावा. मी म्हटलं, त्यांच्यातल्या कोणी जन्मात नांगर धरला नसेल. त्याने जराही विचलित न होता सांगितलं, "नसंल धरला. बापानं धरला असंल. हातातनं ते जात न्हाई."

एकदा मात्र त्याचा हा ठामपणा हलला. तिफणीच्या एका कव्हरवर कसलासा झेंडा होता. सुट्टीवर आलेल्या मामाने सांगितलं, की जी माणसं गुलाम बाळगत होती त्यांचा तो झेंडा, आणि बंदरावरच्या काळ्या हमालांना तो बघवत नाही.  हणमंताने कॅलेंडरातलं गणपतीचं चित्र कापलं आणि खळीने त्या झेंड्यावर चिकटवलं. "वाजवत्यात ते आपलं," तो म्हणाला. "झेंडा त्यांचा त्यास्नी लखलाभ." भावकीत काळे-गोरे एकत्र वाजवतात हे त्यानंतर तो अभिमानाने सांगू लागला, जणू त्यानेच त्यांना एकत्र बसवलं होतं.

पुढे त्याला स्वतः वाजवायची तहान लागली. मिरजेला पिढ्यान् पिढ्या सतारी घडवणारी घरं आहेत. त्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला, सगळे त्याला चाचा म्हणत, हणमंताने रेकॉर्डचं कव्हर दाखवलं आणि असली गिटार करून मागितली. चाचांनी फोटो उलटसुलट बघून विचारलं, की याला भोपळा नाही, पोट नाही, मग नाद येणार कुठून? हणमंत म्हणाला, नाद मी आणतो, तुम्ही अंग करा. चाचांनी तुणाच्या लाकडाचं अंग केलं आणि राहवेना म्हणून कडेला सतारीसारखी वेलबुट्टी काढली. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून हणमंताने तारेची वेटोळी करून घेतली, लोहचुंबक बसवले आणि एका लाउडस्पीकरवाल्याचं जुनं मशीन जोडलं. ती गिटार बोलण्याआधी मधमाश्यांसारखी गुणगुणायची. पण बोलायची. मी त्याला सूर दाखवले. बाकीचं तो रेकॉर्डवरून शिकला, कुस्तीतला डाव शिकतात तसं, पुन्हा पुन्हा पडून. वर्षभरात आमची जोड जमली.

सत्त्याहत्तरचा हंगाम सुरू झाला आणि दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत ते घडलं. ऊस मिलकडे वाहून नेणाऱ्या कॅरिअरची साखळी अडकली होती. मशीन बंद करून हणमंत स्वतः ती सोडवत होता. अडकलेली मोळी एकदम सुटली, साखळी आपल्या वजनाने सरकली आणि डाव्या हाताची मधली दोन बोटं पेरापासून तुटली. सांगलीच्या दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो जागा होता. माझ्याशी तो मिलच्या रोलरबद्दल बोलला, आपल्या शिफ्टला कोण आहे ते विचारलं. हाताचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. आबा कोपऱ्यात बसून होते. उठताना एवढंच म्हणाले, की आता गावाकडं ये, एका हातानंसुद्धा शेती बघता येते.

हणमंत गावाकडे गेला नाही. कामावर परत आला, पण रेकॉर्ड लागेना. गिटार वहिनींनी जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेमागे ठेवली. सकाळी त्या क्वार्टरमधून काहीच ऐकू येत नाही याची मला इतकी टोचणी लागली, की मी माझा रेडिओही लावीनासा झालो. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, हे घरात असल्यावानी वाटतच न्हाई. भाकरी करपाय लागल्यात माज्या."

संक्रांतीनंतर मामा सुट्टीवर आला. या खेपेला त्याच्याकडे रेकॉर्ड नव्हती. बातमी होती. तिफणीचं विमान एका जंगलात पडलं होतं. गाणारा गेला, आणखी काहीजण गेले, जे वाचले त्यांची हाडं मोडली. बंदरातल्या त्या दुकानदाराने मामाला हे रडत सांगितलं होतं. मामा आम्हाला सांगत होता आणि हणमंत पाटावर मांडी घालून ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्याने वहिनींना पाणी मागितलं, उठला, अंघोळ करून आला. घरचं माणूस गेल्यावर करतात तशी. मग माझ्यासमोर बसून डावा हात पुढे धरला. अपघातानंतर पहिल्यांदा त्याने तो हात मला नीट दाखवला.

"पुणेकर," तो म्हणाला, "त्यांचं इमान पडलं. माझी नुस्ती दोन बोटं गेली. मी कुनाचं सुतक धरून बसलोय रं?"

पुढच्याच रविवारी आम्ही मिरजेला गेलो. गिटार उलटी करून मिळाली तर उजव्या हाताने सूर दाबता येतील, असा त्याचा बेत होता. चाचांनी गिटारआधी त्याचा हात बघितला, मोडक्या वाद्याकडे बघतात तसा, कीव न करता. म्हणाले, उलटी करून देतो, पण आधी हे बघ. फळीवरून त्यांनी काचेचा एक गुळगुळीत बट्टा काढला. 'विचित्र वीणा' नावाचं एक जुनं वाद्य दुरुस्तीला आलं होतं, त्याच्यासोबतचा. ती वीणा बोटांनी दाबून वाजवत नाहीत, तारांवरून बट्टा सरकवून वाजवतात. चाचांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, एक तार छेडली आणि बट्टा खालून वर ओढत नेला.

तो सूर रडत, हसत, घसरत वर गेला. मी हणमंताकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. भावकीच्या रेकॉर्डवर वर्षानुवर्षं ऐकलेला, पण कसा काढतात ते आम्हा दोघांना कधीच न कळलेला आवाज होता तो.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "परत एकदा करा."

गिटार उलटी न करता चाचांनी तारा जरा उंच उचलून दिल्या. हणमंताने घरी औषधाची एक छोटी काचेची बाटली शोधून करंगळीत बसवली. सुरुवातीला ते मांजरांचं भांडण वाटे, आणि कॉलनीतल्या शेजाऱ्यांनी ते सोसलं याबद्दल त्यांचे उपकार मानायला हवेत. पण हंगाम संपेपर्यंत तार त्याचं ऐकायला लागली. बोटांनी तो ठीक वाजवायचा. बाटलीने तो चांगला वाजवू लागला.

त्या वर्षीच्या गणपतीत कॉलनीच्या मांडवात आम्ही वाजवलं. भावकीत दोन ड्रमवाले होते, म्हणून हणमंताने एक ढोलकीवाला आणि एक हलगीवाला घेतला. शब्द कोणालाच येत नव्हते, तेव्हा गाणाऱ्याचा प्रश्न नव्हता. वहिनींनी निरोप धाडला होता म्हणून आबा आले होते. पांढरा पटका, हातात काठी, पहिल्या रांगेत मधोमध. हणमंताने माइकवर कोणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाला, की लांबच्या मुलखात काही वाजवणारी माणसं वारली, हे त्यांच्यासाठी.

पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मागची दोन-चार माणसं उठून गेली. मग हलगी घुमली, मी माझा सूर धरला आणि हणमंताची बाटली तारेवरून निघाली. तो ताठ उभा होता, डोळे मिटलेले, ती तुटकी बोटं काचेमागे दिसत होती. तो ओढत होता, मी सावरत होतो, मग मी ओढायला लागलो की तो मागे राही. उठून गेलेली माणसं मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. किती वेळ वाजवलं मला सांगता येणार नाही. थांबलो तेव्हा टाळ्या पडल्या.

आबा उठले, काठी टेकत स्टेजपर्यंत आले. हणमंत वाकून पाया पडला. आबांनी त्याचा डावा हात धरला, त्या हातातली बाटली उपसून काढली, दिव्यापुढे धरून बघितली, वास घेऊन बघितला आणि परत त्याच्या करंगळीत घातली.

"आपल्या जत्रंला ये," ते म्हणाले. "कुस्त्या लागायच्या आदी हे वाजव. पोरांच्या अंगात येईल."

त्या जत्रेत आम्ही वाजवलं, पुढच्याही. नंतर मला दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि मी कराड सोडलं. अधूनमधून भेटी होत राहिल्या. हणमंत मिलचा चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झाला आणि गावी राहायला गेला. त्याला जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारातही तो कोणाचं काही ऐकून न घेता आपली मतं सांगत होता, असं वहिनी म्हणाल्या.

त्या नव्या नोकरीसाठी मी निघालो तेव्हा तो मला कराडच्या स्टेशनवर सोडायला आला होता. गाडीला वेळ होता. बाकावर बसून मी त्याला म्हणालो, की भावकीतल्या लोकांना कोणीतरी कळवायला हवं, इथे कृष्णाकाठी एक माणूस त्यांच्यावर इतका जीव टाकतो म्हणून. त्यांना किती बरं वाटेल.

हणमंताने माझ्याकडे असं बघितलं, जणू पाच वर्षांत मी काहीच शिकलो नव्हतो.

"त्यास्नी कळून काय करायचंय?" तो म्हणाला. "आपल्याला कळलं न्हवं? मग बास की."