नॉक-ओचं भूत

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकजवळच्या मर्लकोट हवेलीत एक भूत आहे म्हणतात. त्याचं नाव नॉक-ओ. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या कर्नलने मुलं सांभाळायला साताऱ्याहून एक आया आणली. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तिला कोंडलं आणि तिथेच ती मेली. तेव्हापासून म्हणे दाराआडून 'नॉक-ओ, नॉक-ओ' ऐकू येतं. म्हणजे ती दार वाजवा म्हणते, हा इथल्या शहाण्यांनी लावलेला अर्थ! म्हणून येणारा प्रत्येक पाहुणा दारावर तीनदा टकटक करतो, दात काढतो आणि खाली केकवर ताव मारायला जातो.

सुलक्षणा दिघे सव्वीस वर्षं इस्पितळात औषधं देऊन रिटायर झाल्या. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्यांनी हवेलीत बिनपगारी गाइडचं काम धरलं. पहिल्याच दिवशी ही गोष्ट ऐकून त्यांच्या अंगावर काटा आला, पण भीतीने नव्हे. नॉक-ओ कसलं डोंबलाचं? ती बिचारी 'नको, नको' म्हणत होती! जीव तोडून विनवणाऱ्या बाईची हे लोक दीडशे वर्षं थट्टा करत होते. सुलक्षणाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

त्यांनी मॅनेजर फिलिपाला गाठून अर्थ सांगितला. ही टकटक बंद करा, तिची चेष्टा थांबवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. फिलिपाने डोळे पुसले, अगदी मनापासून. महिन्याभरात दारावर पाटी लागली: 'भुताचा खरा शब्द, नको.' टकटक तशीच राहिली. शिवाय दाराआडून 'नको, नको' असा रेकॉर्ड केलेला आवाज सोडायचं ठरलं आणि तो द्याल का, म्हणून सुलक्षणाबाईंनाच विचारलं.

"मेले तरी देणार नाही," त्या म्हणाल्या.

मग फिलिपाने त्यांच्या लेकीला फोन केला. शाल्मली लंडनमध्ये ईलिंगला राहायची, नाटकात काम मिळवायला वर्षानुवर्षं खेटे घालायची. तिने लगेच हो म्हटलं.

"आई, तू रागवली? इट्स जस्ट अ बिट ऑफ फन. आणि माझा फर्स्ट व्हॉइस जॉब आहे."

"अगं, माणूस मेलंय तिथे."

"शी वुडन्ट माइंड, आई."

रविवारी सुलक्षणाबाईंनी चौदा पाहुणे वर नेले. कोणीतरी टकटक केली. आतून त्यांच्या पोटच्या पोरीचा आवाज आला, लहानपणी इंजेक्शनच्या वेळी यायचा तसा रडवेला. पाहुणे आधी दचकले, मग खो-खो हसले. एका गृहस्थाला तो पुन्हा ऐकायचा होता. त्याने पुन्हा दार वाजवलं.

त्या खाली आल्या तोच फोन वाजला.

"आई, ऐकलंस? कसं झालंय? खरं सांग हां."

अर्थ सांगायची हौस आपलीच होती. आपण तोंड उघडलं नसतं, तर त्या बाईचं रडणं निदान कुणाला कळलं तरी नसतं. आता कळलं होतं आणि तरीही लोक हसत होते. हे लेकीला कोणत्या तोंडाने सांगायचं? कित्येक वर्षांत तिचा आवाज एवढा खूश ऐकला नव्हता.

"छान झालंय गं," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि पुढची तुकडी घेऊन वर गेल्या.