मडके घेऊन पुण्याला

सकाळी साडेसहाच्या एसटीने मी पुण्याला निघालो, तेव्हा माझ्या मांडीवर एक मडके होते आणि मडक्यात साप होता.

आदल्या दिवशी दिवेलागणीला तो आमच्या ओसरीवरच्या रिकाम्या मडक्यात शिरला होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लगेच काठी उचलली. माझे चुलते, नाना, मळणीच्या वेळी खळ्यावर साप चावून गेले. आबांनी त्यांना पाठीवर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत पळत नेले होते. त्यानंतर आमच्या घरात किंवा रानात दिसलेला एकही साप जिवंत राहिलेला नाही. मी मात्र हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि सापांना मारू नये असे दरवर्षी मुलांना सांगतो. मी मडक्यावर फडके टाकले, सुतळीने गच्च बांधले आणि आडवा उभा राहिलो.

"नाग आहे आबा. पण मारायचा नाही."

आबा काठी भिंतीला टेकवून म्हणाले, "शिकलास तू. आता घिऊन जा त्याला तुज्या पुन्याला. माज्या रानात जित्ता दिसला तर ठेचीन."

पुणे माझे नव्हते. माझे शिक्षण तालुक्यालाच झाले. पण पुण्याच्या दक्षिणेला प्राण्यांची मोठी बाग आहे, तिथे साप सांभाळतात, एवढे मी वाचले होते. आबांनी दीड एकर कोरडवाहू जमीन आणि दुसऱ्यांच्या रानातली मजुरी यांवर मला बी.एस्सी. केले. त्यांच्यासमोर असा अडून मी कधी उभा राहिलो नव्हतो. रात्रभर त्याचेच वाईट वाटत राहिले आणि झोप लागली नाही.

एसटीत उभे राहायलाही जागा नव्हती. पण फडके बांधलेले मडके छातीशी धरलेले पाहून एक गृहस्थ चटकन उठले आणि मला बसायला जागा दिली. उठताना त्यांनी हात जोडले, तेव्हा ते काय समजले ते माझ्या लक्षात आले. शेजारी एक म्हातारी बसली होती.

"कोन गेलं?" तिने विचारले.

मी मडके आणखी जवळ धरले. खरे सांगितले असते तर कंडक्टरने मला माळावर उतरवले असते.

"लई वयाचं मानूस व्हतं का?"

मी मान खाली घातली. तिने पिशवीतून दोन केळी काढून माझ्या हातावर ठेवली. "खा बाबा. मागं ऱ्हायलेल्यानं खायाचं आसतं." मी ती केळी खाल्ली. भूक लागली होती. मडक्यातून अधूनमधून काहीतरी खरडल्यासारखे जाणवे आणि मी खोकत असे.

वाघोली मागे पडली. खराडीच्या बाजूला तेव्हा अजून शेते होती. शिवाजीनगरला उतरलो तेव्हा दोन्ही हात बधिर झाले होते. तिथून शहराच्या बसने स्वारगेट, स्वारगेटहून दुसरी बस. दोन्हींत उभाच होतो.

बागेच्या दाराशी पाटी होती: 'बाहेरचे खाणे, चेंडू, रेडिओ व वाद्ये आत आणू नयेत.' खिडकीतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून मडक्याकडे पाहिले.

"अहो, संगम शिवाजीनगरच्या बाजूला राहिला. इथे विसर्जनाची सोय नाही."

"यात साप आहे. बागेला द्यायला आणलाय."

"आत सापच आहेत. ते बघायलाच लोक तिकीट काढतात. आपला घरून आणायची पद्धत नाही." तरी त्यांनी तिकीट फाडले. "सापांच्या विभागातल्या बाई तीनला येतील. तोवर फिरा. आणि ते मडकं कुठे खाली ठेवू नका. कोणीतरी पाणी प्यायला उघडेल."

वाजला होता एक. मी फिरलो. वाघ खंदकापलीकडे एकाच वाटेने येरझारा घालत होता, त्याच्या पायांनी तिथले गवत उरले नव्हते. अस्वल पाठ करून झोपले होते. 'प्राण्यांना खाऊ घालू नका' या पाटीला टेकून एक कुटुंब माकडांना शेंगदाणे टाकत होते. सर्कशीतून सोडवलेल्या एका म्हाताऱ्या सिंहिणीची हकीकत फलकावर लिहिली होती. ती मी पूर्ण वाचली, कारण तिथे सावली होती. सिंहीण दिसली नाही. पलीकडे सिमेंटच्या डायनासोरच्या शेपटीवरून मुले घसरत होती.

बाकडी सगळी भरलेली. शेवटी बसायला मिळावे म्हणून मी लहान मुलांच्या आगगाडीचे तिकीट काढले. गुडघे हनुवटीला लावून, मडके पोटाशी धरून दोन फेऱ्या मारल्या. तळ्याला वळसा घालताना लक्षात आले की आतली हालचाल थांबली आहे. मी मडक्याला कान लावला. काहीच नाही. समोरची बाई मुलाला म्हणाली, "काकांकडे बघू नकोस." ऊन वाढले होते. ज्याला आबांच्या काठीपासून वाचवले तो माझ्या मांडीवर गुदमरून मेला असेल, असे वाटले.

सापांच्या बाई तीनला आल्या. तिशीच्या, बाह्या दुमडलेल्या. माझे ऐकता ऐकताच त्यांनी सुतळी सोडली, लांब आकडा आत घातला आणि हलकेच वर उचलला. पिवळसर तपकिरी, लांबलचक साप लोंबकळला. क्षणभर तसाच राहिला, मग त्याने जीभ बाहेर काढली. मी तिथल्याच पायरीवर बसलो.

"नाग कोणी सांगितला तुम्हाला?"

"मीच. संधिप्रकाश होता. फूत्कारत होता." थोडे थांबून मी म्हणालो, "मी प्राणिशास्त्राचा पदवीधर आहे."

त्या हसल्या नाहीत. "धामण आहे. बिनविषारी. घाबरली की तीही फुसफुसते. उंदरांमागे आली असेल. सर, ही आम्ही ठेवून काय करणार? पिंजऱ्यात ती खाणं सोडते. इथल्या टेकडीवर सोडली तर तिला ना बीळ माहीत, ना पाणी. किती लांबून आणलीत?"

"चार तास."

"मग चार तास परत. आणलीत तिथेच सोडा. आणि साप असा एसटीतून आणायचा नसतो, जवळच्या वनखात्याला कळवायचं असतं. मी चिठ्ठी देते, वाटेत कोणी अडवलं तर दाखवा."

"तिथे माझे वडील तिला मारतील."

"मग त्यांना सांगा."

मी सोडलेली सुतळी गुंडाळू लागलो.

"अहो, मी येऊ का सांगायला?" त्या म्हणाल्या आणि धामण कापडी पिशवीत घालू लागल्या.

परतीच्या एसटीत मला खिडकी मिळाली, पण डोळा लागला नाही. ओसरीपासून बांधापर्यंत शंभर पावले. ती टाळायला मी एक जीव घेऊन पुण्याला गेलो होतो. चाळीस मुलांसमोर मी सापांवर तास तास बोललो होतो. घरी एकदाही नाही. आबांना शिकवायचे, हे मला उद्धटपणाचे वाटत आले. ज्यांच्या कष्टावर शिकलो, त्यांना शिकलेले काहीच सांगितले नव्हते.

घरी पोचलो तेव्हा आबा जेवत होते. पिशवी बघून त्यांचा हात थांबला.

"न्हाई घेतला?"

"धामण आहे, आबा. मी चुकलो."

"धामण हाय, ते मला दिसलं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? सोडनार व्हतो व्हय मी?"

मी त्यांच्यासमोर बसलो. विष नाही, उंदीर खाते, आपली ज्वारी राखते, सगळे सांगितले. वर्गात सांगतो तसे जमले नाही, अडखळत सांगितले. आबा भाकरी चुरत राहिले. ताट संपल्यावर म्हणाले, "नानाला कंचा चावला, ते मी बघितलंच न्हाई. म्हून समदेच मारले."

सकाळी आम्ही दोघे बांधावर गेलो. आबा माझ्यापासून दहा पावलांवर थांबले आणि पाठ फिरवून उभे राहिले. मी पिशवीचे तोंड जमिनीला लावले. ती घाईने निघाली नाही. डोके बाहेर काढून थांबली, मग सगळी लांबी ओढत ज्वारीत शिरली.

"गेली का?" आबांनी पाठ न वळवता विचारले.

"गेली."

"कुनीकडं?"

"आपल्याच ज्वारीत."

ते खांद्यावरचे उपरणे सारखे करत म्हणाले, "मग आज खुरपायला वरच्या वावरात जाऊ." आणि चालू लागले.