जयवंतरावांचे सुटे दगड

जयवंतरावांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमची घडियाळी पोळ, म्हणजे अख्खी गल्ली, मुळापासून हादरली, कबुतरं उडाली ती थेट डभोईला जाऊन बसली, आणि दगडाचा एक तुकडा तोफगोळ्यासारखा येऊन माझ्या चहात पडला. समोरच्या ओट्यावर हातोडा घेऊन बसलेले गृहस्थ म्हणाले, "बसॉल्ट आहे. चहा गाळून प्या."

पूर्वज गायकवाडी फौजेत घोड्यावर. जयवंतराव गोरव्याच्या कारखान्यात लेथवर. शहाण्णव साली, ऐन पन्नाशीत, त्यांनी दगड ओळखण्याचा रविवारचा हौशी वर्ग लावला. पावागडचा पायथा काळ्या, जड बसॉल्टचा. वर फिकट तांबूस रायोलाइट. दोन्ही लाव्हा थिजून झालेले. हे मी पाठ केलं नाही, शेजारामुळे झालं. दगड वरच्या कातडीवरून ओळखू येत नाही, फोडून आतला ताजा भाग बघावा लागतो. मात्र मास्तरांची सक्त ताकीद होती: डोंगराला हातोडा लावायचा नाही, सुटा दगडच घ्यायचा.

त्यांच्या बायकोला, कौशल्यावहिनींना, दगडांचं काही पडलेलं नव्हतं. बावीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढल्यावर त्यांना एकदा स्वतःच्या दाराला तोरण बांधायचं होतं, एवढंच. वाघोडिया रोडला फ्लॅट नोंदवला होता. बांधकाम वर्षभर दुसऱ्या मजल्यावर अडलं होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही तिघं पावागडला गेलो. वहिनी दर्शनासाठी भराभर पुढे गेल्या. जयवंतराव भिंग घेऊन मागे, आणि मी त्यांची पिशवी घेऊन त्यांच्याही मागे. ते आजवर रोपवेनेच वर गेलेले. पायवाट त्यांना नवीन होती. वारा पडला होता. माकडंसुद्धा गप्प बसून आमच्याकडे बघत होती.

"अहो, बघा तरी! किती स्वच्छ सुटे दगड! कुणीतरी रचूनच ठेवलेत!" जयवंतराव मला म्हणाले.

एकावर एक ठेवलेले दगड वाटेच्या कडेने पसरले होते. जयवंतरावांनी अकरा उचलले, अकराही फोडले, प्रत्येकावर नंबर घातला. "ही पट्टी बघा. लाव्हा वाहताना पडलेली."

नारळ विकणाऱ्या म्हातारीने हातातला नारळ खाली ठेवला. "काका, कोनुं घर उपाड्युं?" कुणाचं घर उचललंत, असं ती विचारत होती.

"घर? हा रायोलाइट आहे, बा."

म्हातारी हसली नाही. ज्याला घर नाही तो इथे दगडावर दगड रचून माताजीकडे घर मागतो, असं तिने सांगितलं, आणि ती टोपली उचलून दूर जाऊन बसली.

तेवढ्यात वहिनी उतरून आल्या आणि एका मोकळ्या जागेपाशी थांबल्या. "इथे माझे होते. चढताना रचलेले."

जयवंतरावांनी पिशवी उघडली. "सात, आठ... नाही, नऊ नंबर असेल."

"फोडलेत?"

"आतून बघितल्याशिवाय ओळखता येत नाही गं."

"मग ओळखलंत ना? बास."

कुठेतरी वर एक धोंडा सुटला. तो गडगडत राहिला. थांबल्याचा आवाज आम्हांला आलाच नाही.

आम्ही ते तुकडे पुन्हा रचायला बसलो. फुटलेले दगड एकमेकांवर टिकेनात. वहिनींनी तीनदा रचले, तीनदा ते कोसळले. चौथ्यांदा त्यांनी हात लावला नाही. सोमवारी जयवंतराव वाघोडिया रोडला जाऊन आले. फाटकाला कुलूप होतं, रखवालदार गायब, आणि स्कीमची पाटी उतरवलेली. ही बातमी त्यांनी महिनाभर घरात सांगितली नाही. वहिनींनी विचारलीही नाही.

पुढे काम पुन्हा सुरू झालं आणि फ्लॅट अठ्ठ्याण्णवमध्ये मिळाला. तो चौथ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती आणि तोवर वहिनींचे गुडघे गेले होते, म्हणून तो एका बँकवाल्याला भाड्याने दिला.