गिरणी कोण चालवतं?

जाफराबादला बाजारगल्लीच्या तोंडाशी एक पिठाची गिरणी होती. तिला पाटी नव्हती, पण सगळं गाव तिला कडूबाची गिरणी म्हणायचं. दारात लाकडी खुर्ची, खुर्चीवर पांढऱ्या टोपीतला कडूबा, आणि आत पिठाच्या धुरळ्यात त्याची विधवा वहिनी गोजरबाई. बाया डबे घेऊन आल्या की कडूबा मान वळवून विचारायचा, "वहिनी, तुळजाबाईचं झालं का?" आतून "झालंच" असं उत्तर आलं की तो बाहेर सांगायचा, "झालंच." बाकी सगळं गोजरबाई करायची. पोती उचलायची, पट्टा चढवायची, दगडांतलं अंतर कमीजास्त करायची, आणि संध्याकाळी भुवयांवरचं पीठ पदरानं पुसत घरी जायची.

हे तिला नवं नव्हतं. बदनापूरला स्टेशनच्या पलीकडे तिच्या वडलांची ऑईल इंजिनवरची गिरणी होती. परकर-पोलक्यात असतानाच ती आवाजावरून सांगायची, की दगड फार जवळ बसलेत, ज्वारी जळेल. पुढं लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि नवरा पुंजाराम काविळीनं गेला. शेत दिराकडं राहिलं. कडूबा माणूस सरळ होता, धान्याला त्यानं कधी हात आखडला नाही. तरी मुलींच्या दप्तरासाठी, चपलेसाठी दर वेळी दिराच्या दारात उभं राहायचं तिच्या जिवावर यायचं. शेवटी पंच्याण्णव साली तिनं हातातल्या पाटल्या मोडल्या आणि कडूबाला सोबत घेऊन जालन्याला गेली.

जुन्या जालन्यातल्या मशिनरीवाल्यानं गिरणी दाखवली, चालवून दाखवली, आणि पावतीचं पुस्तक पुढं ओढून विचारलं, "नाव?"

कडूबानं वहिनीकडं पाहिलं. गोजरबाईच म्हणाली, "भाऊजींचं घाला."

तिचा हिशेब साधा होता. नवरा गेलेल्या बाईनं एकटीनं गिरणी टाकली म्हणजे गावाला तोंडभर विषय मिळाला असता, आणि दिराची मान खाली गेली असती. त्याच्या नावावर असली की कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मग लाइटचं मीटरही त्याच्याच नावावर आलं, आणि दारात खुर्ची आली. त्या खुर्चीचा उपयोगही होता. पिऊन आलेला माणूस उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि उधारीवाला टोपी बघून आपण होऊन खिशात हात घाली. व्यवस्था दोघांना सोयीची होती. हळूहळू कडूबालाही वाटायला लागलं असावं, की गिरणी आपली आहे.

वर्ष सरायच्या आत गिरणी बिघडली. पीठ हाताला चटका बसेल इतकं गरम पडायला लागलं. त्याची विरी, म्हणजे चिकटपणाच जायचा, भाकरी थापताना काठाला चिरायची. त्याहून वाईट म्हणजे पिठात कच येऊ लागली. तुळजाबाई शेजारीण, जिभेला धार असलेली. ती एक दिवस डबा घेऊन दारात उभी राहिली.

"कडूबा, ज्वारी दिल्ती रे मी दळायला. तू वाळू मिळवून दिली का वरतून? दाढ गेली माझी!"

"वहिनी, तुळजाबाईची दाढ गेली म्हणे," कडूबा आत ओरडला.

"ऐकलं," गोजरबाई म्हणाली.

तिनं दगड उघडले. बोट फिरवलं तर बोटाला भुगा लागला. टाकीवाल्याला बोलावून दगडाला छिन्नीनं टाकी लावून घेतली. आठ दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. दगडच कच्चा होता. दोघं जालन्याला दुकानात गेले. मशिनरीवाला कडूबाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "मालक, माल एक नंबर आहे. बाईमाणसाच्या हातात मशीन दिली की असं होणारच." गोजरबाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. कडूबा हसल्यासारखं करून बाहेर आला, आणि दोघं परतीच्या गाडीत बसले.

गावात अप्पाराव मास्तर होते, निवृत्त. लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायची त्यांना आवड होती. त्यांनी सांगितलं, की जालन्याला जिल्हा ग्राहक मंच आहे, तिथं वकील लागत नाही, साध्या कागदावर तक्रार चालते. तक्रारीत दोन नावं घातली, पावती त्याच्या नावावर म्हणून आधी कडूबाचं आणि मग गोजरबाईचं. जाता जाता मास्तर म्हणाले, "आता त्या दगडांना बिलकुल हात लावू नका. तो पुरावा आहे."

म्हणजे गिरणीला कुलूप. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात दुकानदाराचा वकील एकदा आजारी पडला, एकदा त्याला कागद हवे होते, एकदा मंचाचाच एक सदस्य आला नाही. मंचानं नेमलेले आयटीआयचे एक निदेशक गिरणी तपासायला यायचे होते, ते पावसाळ्यानंतर आले. त्यांनी ज्वारी दळून पाहिली, दगड खरवडून पाहिला आणि तो सदोष असल्याचा अहवाल दिला. एव्हाना गोजरबाई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जात होती. थोरली मुलगी सातवीत होती. पुढची शाळा की कापूस, हे त्या कुलपावर अवलंबून होतं.

अहवाल आला तेव्हा वाटलं, आता झालंच. पण वकिलानं वेगळीच वाट काढली. मास्तर त्याचं लेखी म्हणणं घेऊन घरी आले आणि खाटेवर बसून त्यांनी समजावून सांगितलं.

"दगड खराब आहे यावर तो भांडतच नाही. तो म्हणतो, गिरणी कडूबाची. कडूबा शेतकरी, त्याचं पोट शेतीवर. गिरणी हा नफ्याचा जोडधंदा, बाई तिथं नुसती कामाला. धंद्यासाठी माल घेतला की तो माणूस ग्राहक धरत नाहीत, मंच त्याची तक्रार ऐकतच नाही."

"मंग?" कडूबानं विचारलं.

"मग सवलत एकच. स्वतःच्या कष्टानं, पोट भरण्यासाठी मशीन चालवणारा माणूस असला तर तो ग्राहक. म्हणून शपथपत्रात मी लिहिलंय: गिरणी गोजरबाईच्या पैशांतून घेतली असून त्या एकट्याच चालवतात. कडूबा, तुझी सही लागेल."

कडूबानं कागद हातात घेतला. त्याला वाचता येत होतं. त्यानं ते वाक्य दोनदा वाचलं असावं, कारण ओठ तेवढा वेळ हलत होते. "हे तेवढं काढा, मास्तर. मी काय नुसता बसून राह्यलो का तिथं? गावात वाचतील लोकं."

मास्तरांनी गोजरबाईकडं पाहिलं. ती चुलीपाशी होती. हे वाक्य गेलं तर गिरणी जाते, हे तिला कळलं होतं. आणि हे वाक्य राहिलं तर दिराची टोपी बाजारात उतरते, हेही. धन्याच्या मागं याच माणसानं तिच्या घरात पोतं रितं होऊ दिलं नव्हतं.

"काढा, मास्तर," ती म्हणाली.

तारखेच्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं जालन्याला आले. मंचाच्या आवारात लिंबाखाली बसून तिनं भाकरीचं फडकं सोडलं. पीठ दुसऱ्या गिरणीतलं होतं. ती चावत राहिली. कडूबा तिच्याकडं बघत होता.

"वहिनी, तुमच्या भुवया काळ्या हायेत व्हय?"

"मंग काय हिरव्या असत्यात?"

"न्हाई, म्या कधी पाह्यल्याच नव्हत्या. पांढऱ्याच वाटायच्या."

ती हसली. तो हसला नाही.

आत तीन खुर्च्यांवर तिघं बसले होते. मधे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश. एका बाजूला जाड चष्म्याचे एक गृहस्थ, दुसऱ्या बाजूला सुती साडीतल्या एक बाई. मंचात एरवी सगळं कागदावर चालतं, पण त्या दिवशी अध्यक्षांनी कागद बाजूला ठेवला आणि थेट विचारलं, "बाई, गिरणी कोण चालवतं?"

गोजरबाईनं पदर नीट केला. मास्तर मागच्या बाकावर पुढं वाकले. दिराची टोपी तिच्या डाव्या हाताला होती, नुसती कडेनं दिसत होती.

"भाऊजी हायेत," ती म्हणाली.

वकिलानं मान डोलावली. "बघा साहेब. तक्रारदारच सांगताहेत. आता काय राहिलं?"

अध्यक्ष लिहायला वाकले. तेवढ्यात बाजूच्या बाई सदस्यांनी कडूबाला विचारलं, "तुम्ही चालवता ना? मग पीठ गरम पडायला लागलं की काय करता?"

"वहिनीला हाक मारतो," कडूबा सवयीनं बोलून गेला.

"आणि पट्टा निसटला तर?"

त्याचा हात टोपीकडं गेला. वकील म्हणाला, "अहो, मालक प्रत्येक गोष्ट स्वतः थोडाच करतो?"

कडूबानं वकिलाकडं पाहिलं, मग वहिनीकडं. डोक्यावरची टोपी काढली, घडी केली आणि हातात धरली.

"तवा बी वहिनीलाच हाक मारतो, बाईसाहेब."

"मग तुम्ही काय करता?"

"म्या खुर्चीवर बसतो."

मागं कुणीतरी फसकन हसलं. वकील घाईनं उठला. "पण पावती तुमच्या नावाची आहे! मालक तुम्हीच ना?"

"कशाचा मालक, साहेब? पाटल्या तिच्या मोडल्या. पावतीवर नाव घाला म्हणली, मी घालू दिलं. दोन पोरी हायेत तिला, त्यांचं खाणंपिणं, शाळंचा खर्चा समदा त्याच दगडावर. मला गिरणीतलं काय बी येत न्हाई. मागं एकदा एकट्यानं चालू केल्ती तर पट्टा तोंडावर आल्ता माझ्या. हे बघा." त्यानं हनुवटीवरचा व्रण दाखवला. गोजरबाईला तो व्रण माहीत होता. गावाला त्यानं सांगितलं होतं, की बैलानं मारलं.

निकाल महिन्यानं आला. गोजरबाई स्वतःच्या श्रमानं गिरणी चालवून उदरनिर्वाह करते, कडूबाच्या संमतीनं ती वापरते, म्हणून तक्रार चालण्याजोगी आहे. दुकानदारानं नवे दगड बसवून द्यावेत आणि नुकसानभरपाई द्यावी. दुकानदार अपील करीन म्हणाला, पण केलं नाही. नवे दगड यायला मात्र होळी उजाडली. या वेळी त्याचा माणूस दगड बसवून झाल्यावर कागद घेऊन विचारत आला, "सही कोण करणार?" गोजरबाईनं केली.

गावाला सगळं आधीच कळलं होतं. कुणीतरी कडूबाला पारावर विचारलं, "काय रे, खुर्चीवर बसायचा पगार काय व्हता?" तो तिथून उठून गेला, आणि गिरणी सुरू झाली तरी फिरकला नाही. गोजरबाईनं खुर्ची होती तिथंच ठेवली. कुणी खुर्चीवर डबा ठेवला तर ती तो उचलून खाली ठेवायची. एका संध्याकाळी एक जण पिऊन आत शिरला, तेव्हा तिला पहिल्यांदाच स्वतः ओरडावं लागलं. आवाज इतका मोठा निघाला की तिचीच ती दचकली. तुळजाबाई म्हणाली, "गोजरे, तुला कशाला पाहिजे गं खुर्ची!" पण गोजरबाईला ती रिकामी बघवत नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस बायांच्या रांगेत कुजबुज झाली. तिनं पट्ट्यावरून नजर काढली. कडूबा उभा होता, डोक्यावर ज्वारीचा डबा. बायकोला न पाठवता दळण घेऊन आपण आला होता. एवढ्या वर्षांत त्यानं कधी दळणाचा डबा उचललेला तिला आठवत नव्हतं.

"आणा इकडं, भाऊजी. जल्दी टाकते."

"नंबरानं दळा," तो म्हणाला, आणि तुळजाबाईच्या मागं डबा ठेवून ओट्यावर बसला. खुर्चीकडं गेला नाही.

तुळजाबाईला राहवेना. "कडूबा, माझं झालं का रे?"

"मला काय इचारता? तिला इचारा."

त्याचा नंबर आला. तिनं ज्वारी ओतली, दगडांचा आवाज कान देऊन ऐकला, चाक किंचित फिरवलं. पीठ पडायला लागलं. कडूबा उठून आत आला, तिच्या शेजारी उभा राहिला आणि पडत्या पिठाखाली त्यानं हात धरला.

"थंड हाय," तो म्हणाला.

"बराबर बसलेत दगड," ती म्हणाली. तोवर त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या.