चिंचेने घासलेली रोमन नाणी

मुलांनो, ऐंशीच्या दशकात आम्ही नागपूरच्या उत्तरेला सौंसरला राहत होतो. तेव्हा इंग्लंडमधल्या माझ्या भावाने मला सात रोमन नाणी पाठवली. काशाची, अंगठ्याच्या नखाएवढी, हिरवट काळी.

दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मी भिंग घेऊन बसायची आणि एकेका नाण्याचं वर्णन वहीत लिहायची. एका बाजूला सम्राटाचा किंवा देवीचा चेहरा. दुसऱ्या बाजूला कुठे लांडगीचं दूध पिणारी दोन बाळं, कुठे दोन बुरुजांची वेस. सातव्या नाण्यावर निशाणाखाली बसलेले दोन कैदी, हात पाठीमागे बांधलेले.

सासूबाई डाळ निवडता निवडता वाकून पाहत.

"हे दोघं कोन व बाई?"

"कैदी, आई. लढाईत धरलेले."

"किती वर्सं झाली?"

"सोळाशे."

"अन् अजून सोडलं नाई त्यायले? मोठा खवीस राजा दिसते!"

ती वर्णनं मी जुन्या नाण्यांचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या एका प्राध्यापकांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं: नाणी घेऊन दिवाळीनंतर या, आमच्याकडे कपाटभर नाण्यांची यादी व्हायची आहे, आठवड्यातून दोन दिवस काम देता येईल. तुमचे आजोबा म्हणाले, "नाणी दाखवून ये, मग पाहू." लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि जवळच्या बोरगावच्या पुढे मी एकटी कधी गेले नव्हते. तेवढं 'पाहू' ऐकून मी बसच्या वेळा लिहून काढल्या.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी मोहगावला फराळाचा डबा पोचवायला दिरांबरोबर गेले. परतले तर देवघरात ताम्हणात सातही नाणी लखलखत होती.

"पाह्य, कशी चमकून राहिली!" सासूबाई म्हणाल्या. "तुह्या माहेरची लक्ष्मी. तशीच काळी ठेवाची का पूजेत?"

चिंच आणि राख लावून त्यांनी सकाळभर घासली होती. सगळं चित्र त्या काळ्या थरातच होतं. खाली उरल्या होत्या खड्डे पडलेल्या धातूच्या चकत्या. कैद्यांच्या जागी दोन उंचवटे.

"नाराज झाली काय व?"

"नाही, आई."

तुमच्या आजोबांनी नाणी तळहातावर घेतली. "आता नागपूरला जाऊन काय दाखवशील?"

वही दाखवीन, हे उत्तर माझ्याजवळ होतं. प्राध्यापकांना माझी नजर हवी होती, ही सात नाणी नव्हे. मराठीत, इंग्रजीत, दोन्हींत वाक्य जुळवून झालं. तरी मी ओट्यावरच्या करंज्या मोजून डब्यात भरू लागले.

दिवाळी संपल्यावर मी प्राध्यापकांना लिहिलं की नाणी खराब झाली, येणं जमणार नाही. मला कोणी ते लिहायला सांगितलं नव्हतं. पत्र मीच बसस्टँडजवळच्या पेटीत टाकलं आणि नागपूरची बस उभी असताना घरी परत आले.

तुमच्या आईला मी आजवर चिंचेचीच गोष्ट सांगितली आहे. पत्राची नाही.