थांबायची पाळी माझी होती

आईला नाही, क्लबमधल्या कुणाला नाही, जिला मी माझ्या पगारापासून पोटदुखीपर्यंत सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही — ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाला सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? माहीत नाही. बसा जरा, एवढंच.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर यातली लाज तुम्हाला कळायची नाही. मी इंग्लंडमधल्या रीडिंग गावात राहते, एका ऑफिसात नोकरी करते, पण कुणी विचारलं तर सांगते — मी पत्रकं लिहिते. रानातल्या वाटांवर जी लोखंडी फाटकं ठोकतात ना, ज्यातून बाबागाडी जात नाही, व्हीलचेअर जात नाही, तीनचाकी सायकल तर विसराच — त्यांच्याविरुद्ध. ‘मोकळी हवा काय फक्त सडपातळ लोकांची मालमत्ता आहे?’ हे वाक्य माझं. मला ते अजून आवडतं. शनिवारी स्टेशनबाहेर उभं राहून मी हजारो लोकांच्या हातात ते कोंबलंय.

आणि आमचा सायकल क्लब. सगळे मराठी, अर्धे आयटीतले, उरलेले त्यांना वैतागलेले. आम्ही ग्रॅव्हल बाइक चालवतो — हँडल रेसच्या सायकलीसारखं वाकडं, पण टायर जाड, म्हणजे डांबर संपलं तरी खडीवरून, चिखलातून पुढे जाता येतं. क्लबचं पहिलं पत्रक मीच लिहिलं. पहिली ओळ ठळक अक्षरात: कुणालाही मागे सोडायचं नाही. आणि त्यासाठी एक पद्धत. वाटेला फाटा फुटला की पुढे असलेल्यानं तिथे थांबायचं, योग्य वाट हातानं दाखवत. शेवटचा माणूस समोरून जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. मग त्याच्या मागोमाग निघायचं. पुढच्या फाट्यावर दुसरं कुणीतरी थांबतं. सोपं आहे. क्लबमधल्या वेगवाल्या पोरांनी कुरकुर केली, तेव्हा मी भर मीटिंगमध्ये म्हटलं, मग रेस लावा ना, क्लब कशाला म्हणवून घेता? टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या शुभदाकाकूंच्या.

शुभदाकाकू आमच्या क्लबमधल्या सगळ्यात हळू आणि सगळ्यात बोलक्या. इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या, रिटायर झाल्यावर सायकल घेतली. म्हणायच्या, “आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता माझे पाय जागे करते.” माझ्या पत्रकांच्या घड्या त्यांच्याच डायनिंग टेबलावर घातल्या जायच्या, मधे चिवड्याचं भांडं. “सई, किती चिडतेस गं प्रत्येक ओळीत,” असं म्हणत, चष्मा कपाळावर सरकवून, त्या माझे मसुदे वाचायच्या. आणि तरी सगळ्यात जास्त पत्रकं त्याच वाटायच्या.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळांच्या मधल्या सुट्टीत, आम्ही स्पेनला गेलो. विमान नाही, ही माझी अट — त्यामुळे ट्रेन, पॅरिसला बदल, पुन्हा ट्रेन, आणि सगळे मला शिव्या घालत. सायकली तिथे भाड्यानं घेतल्या. समुद्रापासून थोडं आत एक मोठं नॅचरल पार्क आहे, नुसते डोंगर आणि जंगल.

त्या जंगलाबद्दल सांगू का? सांगतेच. मला माहितीये, मी मुद्द्याभोवती फिरतेय — पण हे नाही सांगितलं तर पुढचं खोटं वाटेल. आपल्या डोक्यात जंगल म्हणजे ओलं, गर्द, आणि इंग्लंडमध्ये तर जंगल म्हणजे चिखल. हे कोरडं होतं. खडखडीत, उन्हात तापलेलं, वासानं भरलेलं. वाटेच्या कडेला रोझमेरी अशी वाढलेली की पोटरी घासून गेली तरी पाय दिवसभर घमघमायचे. पाइन. आणि कॉर्कची झाडं, बाटलीची बुचं ज्यांच्या सालीपासून करतात ती — त्यांची साल सोलून नेलेली, कमरेखाली खोड तांबडंलाल, वर करडा जाड अंगरखा. काकू म्हणाल्या, “अय्या, सगळी झाडं पायजमा धुवायला टाकून आलीयेत.” आम्ही चढावर हसत होतो, आणि चढावर हसलं की दम जातो, म्हणून सायकलवरून उतरून हसत होतो.

इतकी खूश मी कधी होते? इंग्लंडात माझा निम्मा जीव फाटकांवर चिडण्यात जातो. इथे फाटकच नव्हतं. वाट होती, आणि ती कुणाचीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी, दुपारी, सगळ्यात मोठा चढ संपला. माथ्यावर वाट दुभंगलेली. डावीकडची उतरून आमच्या मुक्कामाच्या गावाकडे, उजवीकडची पलीकडच्या दरीत. थांबायची पाळी माझी होती. मंदारदादा — तो आमचा म्होरक्या, चाळिशीचा, शांत — म्हणाला, “फक्त काकू राहिल्यात. आल्या की ये.” आणि बाकीचे डावीकडे सुटले. त्यांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या, एक-एक वळण खाली जाताना बारीक होत गेलेल्या.

मी उभी राहिले. हो, राहिले की. मागे चढावर काकू दिसत होत्या, एक निळा ठिपका, सायकल हातानं ढकलत, वाटेत थांबून कशाचा तरी फोटो काढत. पंधरा-वीस मिनिटं तरी लागणार होती.

आणि समोर तो उतार.

पांढरी खडी, उन्हात चमकणारी. वळण, मग झाडी, मग आणखी खाली तीच वाट पुन्हा. अगदी लांब समुद्राची एक पट्टी. मी ब्रेक सोडले — बघू या, पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत येऊ, असंही मनात आलं नाही. काही म्हणजे काहीच मनात आलं नाही. मी गेले.

तो उतार माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर उतार होता. हे मी लपवणार नाही, तेवढं तरी खरं सांगू दे. चाकाखाली खडी पाण्यासारखी वाजत होती. मागचं चाक वळणावर थोडं सरकायचं आणि पुन्हा पकडायचं, आणि दर वेळी पोटात गुदगुल्या. मी मोठ्यानं गात होते, शब्द नाहीत, नुसते आवाज. खाली पोचले तेव्हा गालांवर पाणी होतं — वाऱ्याचं. आणि मग, तिथे उभ्या सगळ्यांकडे बघून, मंदारदादानं विचारायच्या आधीच, मला आठवलं.

“काकू?” तो म्हणाला.

मी म्हटलं, “येतायत मागून.”

काकू आल्या नाहीत. फोनला रेंज नव्हती. सगळे पुन्हा वर चढले, मीही, आणि चढताना मला एकच विचार — काकूंना काही झालं असेल का, हा नव्हता तो. कुणाला कळेल का, हा होता. हे लिहायला मला जड जातंय. पण तसंच होतं.

ऊन कलताना त्या सापडल्या. उजवीकडच्या दरीत एक शेतघर होतं, त्याच्या अंगणात. एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसून डाळिंब सोलत होत्या. भाषा एकमेकींची शून्य, पण दोघींचे गुडघ्याच्या ऑपरेशनचे व्रण एकमेकींना दाखवून झाले होते. पावावर टोमॅटो चोळून खाल्ला होता. काकूंची बोटं लाल, चेहरा लाल. “अरे, कशाला धावलात,” त्या म्हणाल्या, “मी तर इथेच राहणार होते.”

म्हणजे बघा, काहीच वाईट झालं नव्हतं. मी तिथेच म्हणाले असते, “काकू, मला राहवलं नाही, मी सुटले,” तर त्या हसल्या असत्या. नक्की हसल्या असत्या. मग?

रात्री जेवताना मंदारदादानं सरळ विचारलं, “सई, तू फाट्यावर होतीस ना?”

“होते,” मी म्हटलं. “काकू अगदी समोर आल्या. मी हाक मारून डावीकडे हात दाखवला आणि निघाले; त्यांनी बघितलंच नसणार. निळं जॅकेट, आणि हातात फोन होता.”

पत्रकं लिहून शिकलेलं हे — दावा करायचा तर सोबत एक ठोस तपशील द्यायचा, लोक विश्वास ठेवतात. ठेवला. काकूंनीही ठेवला.

त्या काटा खाली ठेवून म्हणाल्या, “मला वाटलं तिथे कुणीच नव्हतं. मी थांबलेसुद्धा.” मग, कुणाकडेच न बघता, “आईचं असंच सुरू झालं होतं. याच वयाला.”

टेबलावर सगळे गप्प झाले. मीही. हा तो क्षण. खोटं मी एका वाक्यात बोलले, पण त्या गप्प बसण्याला मात्र मी भरपूर वेळ घेतला — दोन वर्षं.

परत आल्यावर काकूंनी गाडी चालवणं बंद केलं. जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन स्मरणशक्तीची तपासणी करून घेतली, सगळं उत्तम निघालं. पण स्वतः डॉक्टर असूनही त्या मला म्हणाल्या, “टेस्टचं सोड गं. तू समोर उभी होतीस आणि मला दिसली नाहीस, त्याचं काय?” त्या आता एकट्या सायकलवर जात नाहीत. फाटा आला की कुणाचं तरी बोट धरल्यासारख्या मागे राहतात.

आणि मी काय केलं? मी पत्रकाची नवी आवृत्ती काढली. त्यात एक परिच्छेद घातला: ज्येष्ठ सायकलस्वारांसोबत कायम जोडीदार असावा, आमच्या एका सदस्येला असा अनुभव आला. नाव नाही घातलं. संयम पाळला म्हणून स्वतःवर खूशही झाले. त्याच्या घड्या काकूंनी घातल्या. त्याच टेबलावर. वाचून म्हणाल्या, “बरं लिहिलंस, उपयोगी आहे.”

लोकांना वाटा मोकळ्या करून द्या म्हणून मी ओरडत फिरते, आणि एका बाईची वाट मी स्वतः बंद केली. तिनं मला त्याबद्दल चिवडा वाढला.

तो परिच्छेद मी काढून टाकलाय. उद्या सकाळी मी काकूंकडे जाणार आहे आणि हे त्यांना वाचून दाखवणार आहे, मगच हे त्या जागी छापायला जाईल. त्या काय म्हणतील, मला माहीत नाही. काही म्हटलंच पाहिजे असंही नाही.

काकू फाट्यावर पोचल्या तेव्हा तिथे कुणी नव्हतं. त्या थांबल्या, त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांचे डोळे ठीक होते आणि डोकंही ठीक होतं. मी कितीतरी वळणं खाली होते, आणि गात होते.