द्वारकाबाईंनी अकरा दिवस वाचलेलं पुस्तक

दौलताबादच्या प्रेरणाचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. संभाजीनगरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ बायकांच्या बैठका, मोर्चे, निवेदनं. पुस्तकात तिनं आडपडदा न ठेवता लिहिलं होतं: मी लेस्बियन आहे, आणि चारुतासोबत नऊ वर्षं संसार करते आहे.

दौलताबादला घरी मात्र चारुता ‘रूम पार्टनर’ होती. किल्ल्याखाली फळं विकणाऱ्या आईला, द्वारकाबाईंना, सांगायचं धाडसच प्रेरणाला झालं नव्हतं. आई चौथी शिकलेली; ती कशाला पुस्तकाच्या वाटेला जाईल, असं तिनं धरून ठेवलं होतं.

द्वारकाबाईंनी गावातल्या मास्तरांकडून पुस्तक मागून आणलं, अकरा दिवस वाचलं आणि बाराव्या दिवशी एसटीनं थेट संभाजीनगरच्या छावणी भागातलं प्रेरणाचं घर गाठलं.

चारुतानं दार उघडलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली. द्वारकाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढून प्रेरणासमोर ठेवलं. जागोजागी पानं दुमडलेली.

“हे समदं खरं हाय?”

“व्हय, आई.”

“कुठलं खरं? मी चैतात सीताफळं इकत होते म्हणून लिवलंस. चैतात कुठं सीताफळ असतं गं? लोक हसतील ना मला!”

प्रेरणाला हसू फुटलं, पण आईचे डोळे भरले होते.

“पुस्तकाला सांगितलंस अन् मला नाय. नऊ वर्षं मी हिला पाहुणी म्हणून वाढत होते.”

“तू मला तोडशील म्हणून भ्याले गं,” प्रेरणा रडत म्हणाली.

द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग दारातल्या चारुताकडं वळल्या. “उभी काय राह्यलीस? भाकरी येती का तुला?”

“नाही येत.”

“मंग पीठ काढ.”

तेव्हापासून गुरुवारी छावणीच्या बाजाराला आल्या की त्या इथंच जेवतात.

प्रेरणा दर महिन्याला घरी बैठक घेते. ज्यांना आपल्या मनातलं कुणापाशीच बोलता येत नाही, अशा बायका येतात. पहिल्यांदा दोघीच होत्या. आता चपला जिन्यापर्यंत जातात. गेल्या बैठकीला पैठणहून स्वराली आली, आणि तिला ओढून न्यायला मागोमाग तिची आई. प्रेरणा समजावू लागली, तर तिथंच बसलेल्या द्वारकाबाईंनी तिला गप्प केलं. “तू लिवायचं बघ. ह्यांच्याशी मी बोलते.”

त्या बाईंना त्यांनी स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. तासाभरानं आतून दोघींचं हसू ऐकू आलं. काय बोलणं झालं, ते प्रेरणाला आजवर कुणी सांगितलेलं नाही.